पंप कोणाच्या पाठीवर?



वर्षावासात आमच्या घाटंजीच्या विहारात दरवर्षीप्रमाणे ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा भाग आला तेव्हा सभागृह गच्च भरले होते. बाबासाहेबांनी तो प्रसंग कसा मांडला हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घर सोडतो, ही जुनी गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली, असे त्यांनी लिहिले. त्यात एक बारीक गोष्ट आहे. ती वाचताना बहुतेक जण पुढे निघून जातात. पाण्यावरून पहिली मारामारी झाली ती दोन्हीकडच्या चाकरमाणसांत. शेत मालकाचे, पाणी मालकाचे, आणि डोके फुटले ते राबणाऱ्याचे!

वाचन झाल्यावर आम्ही चार शब्द बोललो. पाणी, जमीन, हवा आणि गरीब माणूस यांचा प्रश्न एकच आहे, असे आज जगातला एक मोठा धर्मसंघही म्हणतो आहे, असे सांगून आम्ही कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे धर्मगुरू पोप यांच्या पत्रांचा उल्लेख केला. त्याबरोबर कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या एक वयस्क उपासिका उठल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, पोपचं आन् आपलं काय घेनं-देनं? आपल्याले बावीस प्रतिज्ञा पुरे हायेत.” मागून एक तरुण म्हणाला, “काका, पर्यावरण हा पोट भरलेल्या लोकांचा विषय आहे. आपल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि आपण झाडांचं काय बोलत बसायचं?”

दोन्ही प्रश्न चांगले होते. त्या रात्री आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून आजचा हा लेख.

1891 चा योग

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. त्यानंतर सुमारे एक महिन्याने, 15 मे 1891 रोजी, रोममध्ये तेरावे पोप लिओ यांनी एक पत्र काढले. त्याचे लॅटिन नाव ‘रेरुम नोव्हारुम’. युरोपात तेव्हा गिरण्या-कारखाने वाढले होते. मजुरांची पिळवणूक कमालीची होती. बायका आणि लहान मुलेसुद्धा यंत्रापुढे उभी होती. मजुराला त्याचे पोट भरेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे, त्याला विश्रांती हवी, संघटना करण्याचा हक्क हवा, दुबळ्यांचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्या पत्रात सांगितले होते. धर्मपीठावरून कामगारांची बाजू इतक्या ठामपणे मांडली जाणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. मात्र त्याच पत्रात समाजवादाला कडवा विरोध आणि खाजगी मालमत्तेचे जोरदार समर्थनही होते, हे विसरता कामा नये.

पुढे बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. कामाचे आठ तास, कामगार स्त्रियांसाठी सवलती, कामगार, मालक आणि सरकार यांची एकत्र परिषद, या गोष्टींसाठी ते झटले. दामोदर खोऱ्यासारख्या पाण्याच्या मोठ्या योजनांचे कामही याच खात्यातून पुढे सरकले. म्हणजे कामगार आणि नदी हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या टेबलावर होते. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण बाबासाहेब म्हणजे फक्त आरक्षण आणि घटना एवढेच आपल्या मुलांना ठाऊक असते.

1991 साली देशभर बाबासाहेबांची जन्मशताब्दी साजरी झाली. त्याच वर्षी 1 मे रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिओंच्या पत्राच्या शताब्दीनिमित्त नवे पत्र काढले. त्यात त्यांनी ‘मानवी परिसर’ हा विचार मांडला. प्राण्यांचे निवारे नष्ट होतात म्हणून आपण हळहळतो, तसे माणसाला माणूस म्हणून जगता येईल अशा परिसराची काळजी मात्र घेत नाही, असा त्याचा मथितार्थ. शहरे कशी वाढतात, माणूस कुठे राहतो, काय काम करतो, त्याचे घर कसे आहे, हे सर्व या परिसरात येते.

मग 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे पत्र प्रसिद्ध केले. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येईल. निसर्गाचे संकट एक आणि समाजाचे संकट दुसरे, असे नाही. संकट एकच आहे. पाणी नासते तेव्हा आधी गरिबाचे नासते. हवा बिघडते तेव्हा आधी गरिबाची छाती भरते. शेतीत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांचा उल्लेख त्यात स्पष्ट शब्दांत आहे. पिण्याचे शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असेही त्यात म्हटले आहे. श्रीमंतांच्या वस्त्यांत बागा फुलतात आणि गरिबांच्या वस्तीत उकिरडा, याच्यावर त्यांनी बोट ठेवले. लोकसंख्या वाढली म्हणून सारे बिघडले, असे म्हणून गरिबांवर खापर फोडणाऱ्यांनाही त्यांनी सुनावले. मूठभरांची हाव झाकण्याचा तो मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे. फ्रान्सिस 21 एप्रिल 2025 रोजी वारले. त्यांच्या जागी आलेल्या पोपांनी लिओ हेच नाव घेतले आणि त्यामागे 1891 च्या त्या पत्राची आठवण असल्याचे सांगितले.

जिथे पटत नाही तिथे

आता आपण बुद्धाचे अनुयायी. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही आपली शिकवण. म्हणून जे पटत नाही तेही सांगितले पाहिजे.

पोपांच्या ‘मानवी परिसरा’त कुटुंबाला पहिले स्थान आहे. ते ठीकच आहे. पण त्याच शिकवणुकीत संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना विरोध आहे. ते आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. 1938 च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूने ठराव आला तो बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून. वारंवारच्या बाळंतपणाने बाईचे शरीर आणि घराची कंबर दोन्ही मोडतात, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या भगिनींनी आपल्या आया-आज्यांना विचारावे. उत्तर तिथेच मिळेल.

दुसरी गोष्ट जातीची. पोपांच्या पत्रात गरीब आहे, आदिवासी आहे, मजूर आहे, स्थलांतरित आहे. पण आपल्या देशात माणूस गरीब का आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामाला का जुंपलेला आहे, याची किल्ली जातीत आहे. ती किल्ली त्या पत्रात सापडत नाही. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर बाबासाहेबांनी लिहिले आहे. ख्रिस्ती झाल्यावरही त्याची जात सुटली का, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती लोकांच्या कबरी आजही वेगळ्या आहेत. तिथल्या बिशपांना 2003 साली जॉन पॉल दुसरे यांनी जातिभेद सोडा असे बजावले होते. डिसेंबर 2016 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्येही जातिभेद आहे हे मान्य केले. 2022 साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. इतक्या शतकांनंतर पहिले! बाबासाहेबांच्या सवालाचे वजन यावरून कळते.

पण कबुली देणाऱ्याला आपण हसू नये. चूक मान्य करायलाही धैर्य लागते. ते आपल्याजवळ किती आहे, हे या लेखाच्या शेवटी तपासू.

वसईचे पाणी

ही शिकवण रोमच्या कागदावरच राहिली काय? नाही. आपल्या महाराष्ट्रात ती एका माणसाने जगून दाखवली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव वाचकांनी ऐकले असेल. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला झालेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काही लोकांनी तेव्हा आरडाओरड केली. 25 जुलै 2024 रोजी ते वारले.

वसईचा किनारपट्टा म्हणजे केळी, पानवेली, भाजीपाला आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. त्यांच्या जोडीला ‘बावखले’, म्हणजे पाणी साठवणारी तळी. मुंबई फुगत गेली तसे बिल्डर तिकडे वळले. इमारतींसाठी आणि नव्या वसाहतींसाठी गावांतल्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून उपसले जाऊ लागले. गोडे पाणी उपसले की समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत येते. एकदा विहीर खारी झाली की वाडी संपली. या लुटीविरुद्ध 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर दिब्रिटो तिचे पुढारी झाले. टँकरवाले, बिल्डर आणि राजकीय गुंड यांची दहशत असताना हा पांढऱ्या झग्यातला माणूस मोर्चाच्या पुढे चालला. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी लेखणीही त्याच कामाला लावली.

आणखी एक गोष्ट त्याच तालुक्यातली. 1982 पासून वसईत श्रमजीवी संघटना आदिवासी वेठबिगारांच्या सुटकेसाठी लढत होती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी माणूस वर्षानुवर्षे मालकाच्या शेतावर बांधला जात होता. म्हणजे पाहा. एकाच तालुक्यात एकीकडे वाडीवाल्याची विहीर वाचवण्याची लढाई आणि दुसरीकडे शेतावर राबणाऱ्याला माणूस म्हणून सोडवण्याची लढाई. विहीर वाचली आणि वेठबिगार तसाच राहिला, तर मानवी परिसर वाचला असे म्हणायचे काय? वेठबिगार सुटला आणि प्यायला पाणी उरले नाही, तर तो सुटून जाणार कुठे? दोन्ही लढाया एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. पोपांचे पत्र यापेक्षा वेगळे काही सांगत नाही.

वरचे पाणी, खालचे पाणी

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या आजोबांची वस्ती कुठे होती? गावकुसाबाहेर. नाल्याच्या खालच्या अंगाला. गावाची घाण जिकडे वाहत जाते तिकडे. वरच्या पाणवठ्यावर गाव, खालच्या पाणवठ्यावर आपण. मेलेली ढोरे ओढायची आपण, चामड्याच्या घाणीत राहायचे आपल्याच बांधवांनी, मैला उचलायचा मेहतर बांधवांनी. शहरातल्या गटारात उतरून आजही जे गुदमरून मरतात, त्यांची जात विचारावी लागत नाही. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली दुसरा झाला, तरी मरणे थांबलेली नाहीत.

याला काय म्हणायचे? आम्ही म्हणतो, जात ही परिसराची व्यवस्था आहे. चांगले पाणी, चांगली हवा, चांगली जमीन कोणी घ्यायची आणि घाण, वास, विष कोणी पचवायचे, याची वाटणी जन्मावरून करून ठेवलेली आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले ते ही वाटणी मोडायला. तळे सार्वजनिक होते. गुरेढोरे पाणी पीत होती. माणसाला मनाई होती. हे पाण्याचे आंदोलन नव्हते काय? ज्या तरुणाने पर्यावरण हा पोटभरल्यांचा विषय म्हटले, त्याला आमचे हे उत्तर आहे. बाळा, या देशात पाण्यासाठी पहिला मोठा सत्याग्रह ज्यांनी केला त्यांची पोटे भरलेली नव्हती. तो सत्याग्रह आपला आहे.

जमिनीचेही तसेच. प्रत्येक शेतकरी-मजुराला कसण्यापुरती जमीन मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे म्हणणे पोप फ्रान्सिस यांनी दक्षिण अमेरिकेतल्या बिशपांच्या हवाल्याने आपल्या पत्रात घेतले. बाबासाहेब 1947 साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्याच्या पुढे गेले होते. शेती हा सरकारी उद्योग व्हावा, जमीन गावकऱ्यांनी जातपात न पाहता सामुदायिक पद्धतीने कसावी, म्हणजे जमीनदारही उरणार नाही, कूळही नाही आणि भूमिहीन मजूरही नाही, अशी ती योजना होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 साली आणि पुन्हा 1964-65 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. हजारो बाया-माणसे तुरुंगात गेली. आज गायरानाच्या तुकड्यावर कसून खाणाऱ्या आपल्या माणसाला पाहा. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी त्याच्या चपला झिजतात. त्या झिजण्यामागे तो इतिहास आहे.

2017 चा पावसाळा

आता जे सांगायचे आहे ते सांगतो.

2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने 20 हून अधिक माणसे मेली. शेकडो दवाखान्यात गेली. कित्येकांची नजर काही दिवस गेली. घाटंजी तालुकाही त्यात होता. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती. हवा कोंदट, ऊन चरचरीत. किडीचा जोर. औषधांचे मिश्रण करून मारण्याची सवय लागलेली. बॅटरीच्या पंपातून तुषार इतके बारीक निघत की ते पानावर कमी आणि माणसाच्या नाकातोंडात जास्त जात. उंच पऱ्हाटीत मजूर चालला की तो ढगातून चालल्यासारखा चाले. सरकारने चौकशी पथक नेमले. मृतांच्या वारसांना 2 लाख रुपये दिले. वर्तमानपत्रांत फोटो आले. मग कापूस वेचणी लागली आणि सारे शांत झाले.

आम्ही व्यवसायाने कारकून. वाणिज्य शाखेतून शिकलो, त्यामुळे हिशेब मांडायची सवय. कापसाच्या एकरी खर्चाचा तक्ता आम्ही कितीदा लिहिला असेल. बियाणे, खत, औषध, निंदण, डवरणी, फवारणीची मजुरी, वेचणी, वाहतूक. सगळे रकाने असतात. फवारणाऱ्याच्या छातीचा रकाना नसतो. तो खर्च कोणाच्या वहीत लिहिला जातो? त्याच्या बायकोच्या. सरकारी मदतीच्या योजनासुद्धा बहुधा सातबाऱ्यावरच्या नावाला धरून आखल्या जातात. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याने शेतात प्राण सोडला तरी तो कागदावर शेतकरी नसतो.

हे सारे आम्ही सभांतून बोलत होतो. निवेदने देत होतो. आणि त्याच वर्षी आमच्या शेतात काय झाले?

नोकरीच्या पैशातून आम्ही अडीच एकर शेत घेतलेले आहे. घरातला पहिला सातबारा. त्या दिवशी आईने कागदावर हळदी-कुंकू वाहायचे नाही म्हणून नुसता हात फिरवला होता. त्या शेतात पऱ्हाटी होती. फवारणीला एक कोलाम बांधव येत असे. ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही दुकानातून औषध आणले. दुकानदाराने दोन बाटल्या दिल्या आणि मिसळून मारा म्हणाला. आम्ही बाटलीवरची चिठ्ठी वाचली नाही. आम्ही, जे दुसऱ्यांचे अर्ज वाचून देतो! हातमोजे आणले नाहीत. तोंडाला बांधायला काही दिले नाही. त्याने गमछा बांधला आणि उघड्या अंगाने पंप पाठीवर घेतला. आम्ही धुऱ्यावरच्या निंबाखाली बसून सोमवारच्या मोर्चाचे पत्रक लिहीत होतो. पत्रकाचा विषय होता, शेतमजुरांचे शोषण.

दुपारी तो उलट्या करू लागला. डोळ्यांपुढे धुके आले म्हणाला. आम्ही त्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, औषध कोणते? आम्हाला सांगता येईना. बाटल्या धुऱ्यावर राहिल्या होत्या. नऊ दिवस तो खाटेवर होता. तो वाचला, हे आमचे नशीब म्हणणार नाही, कारण आपण नशीब मानत नाही. डॉक्टर-नर्सच्या मेहनतीने तो वाचला. पाचव्या दिवशी आम्ही केळी घेऊन भेटायला गेलो. त्याची बायको उशाशी बसली होती. तिने केळी घेतली नाहीत. ती एवढेच म्हणाली, “सायेब, तुमी त लय शिकेल हा. बाटलीवर काय लिवलं होतं?”

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

वाचकहो, हे आम्ही आजवर लिहिले नव्हते. लिहायला लाज वाटत होती. कालपर्यंत पंप आमच्या बापाच्या पाठीवर होता. मालक निंबाखाली बसे. आज आम्ही निंबाखाली आलो आणि पंप आमच्याहून दुबळ्याच्या पाठीवर गेला. व्यवस्था तीच राहिली. फक्त आमची जागा बदलली. बाबासाहेबांनी जात ही उतरंड आहे म्हणून सांगितले ते हेच. वरच्याचा पाय मानेवर असतो म्हणून आपण ओरडतो, आणि आपल्या पायाखाली कोण आहे ते पाहत नाही. बिशपांनी आपल्या घरातली जात कबूल केली म्हणून त्यांना हसण्याचा अधिकार आम्हाला का नाही, ते आता कळले असेल.

पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो. न दिलेले घेणार नाही. चोरी म्हणजे दुसऱ्याचे भांडे उचलणे एवढेच नाही. मजुरी देऊन माणसाचे काम विकत घेता येते. त्याचा श्वास त्या मजुरीत येत नाही. तो त्याने दिलेला नसतो. तो घेतला, तर ती चोरीच.

आता करायचे काय?

लेख वाचून सोडून द्यायचा नाही. फवारणीचे दिवस दरवर्षी येतात. म्हणून थोडे कामाचे.

बाटलीवरची चिठ्ठी आधी वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्रिकोणाचा रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. दुकानदाराच्या सांगण्यावरून औषधे मिसळू नका. वाऱ्याच्या तोंडी फवारू नका. उपाशीपोटी पंप घेऊ नका. फवारताना खर्रा, तंबाखू, बिडी बंद. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, मास्क, डोळ्यांना चष्मा. काम झाल्यावर साबणाने आंघोळ आणि कपडे वेगळे धुणे. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल कधीही भरू नका. मळमळ, घाम, लाळ, धूसर दिसणे सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या.

आणि मालकांनो, म्हणजे आता आपल्यातलेही मालक! फवारणाऱ्याला संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत, हे 1968 च्या कीटकनाशके कायद्याखालच्या 1971 च्या नियमांतच लिहिलेले आहे. तो उपकार नव्हे. आमच्या विहारात आम्ही आता हातमोजे, मास्क आणि चष्मे यांचा एक संच ठेवला आहे. ज्याला हवा त्याने न्यावा, धुऊन परत आणावा. न्यायला कोणाची जात किंवा धर्म विचारला जात नाही. संच एकच आहे. दहा व्हायला हवेत. प्रत्येक नोकरदार कुटुंबाने एक संच दिला तर कठीण नाही.

ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल तेव्हा आपल्या बायांनी उठून विचारावे, वस्तीतल्या नळाला पाणी शेवटी का येते? गटार कोणाच्या दारापुढे येऊन थांबते? उकिरड्याची जागा कोणी ठरवली? हेच पर्यावरण. यासाठी इंग्रजी यावे लागत नाही.

त्या वयस्क उपासिकेला आम्ही परवा भेटलो. म्हटले, “मावशी, पोपचं आपल्याला काही घेणं नाही. आपल्याकडे रोहिणी नदी आहे, चवदार तळं आहे. पण दूरच्या माणसाला तेच दुखतं असं कळलं, म्हणजे दुखणं खरं आहे याची खात्री पटते.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “ते खरं. पन त्या कोलामाच्या बाईले पुसलं का तुमी, आता बरा हाय का तो?”

पुसले आहे. तो बरा आहे. फवारणीला मात्र आता कोणाच्याच शेतात जात नाही. आमच्या शेतात गेली काही वर्षे पंप आम्ही स्वतः पाठीवर घेतो. हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून. पहिल्या तासात खांदा भरून येतो आणि घामाने चष्मा धुरकटतो. बापाची पाठ कशी वाकली असेल, ते तेव्हा कळते.

जयभीम! नमो बुद्धाय!